डोळे मिटणारी अमेरिकन

आण्णा, तुमची अमेरिकन खरंच डोळे मिटत होती. हे सांगायलाच बसलेय. बाकी घरचं-दारचं, कोण आलं, कोण गेलं, ते राहू दे बाजूला. रेस दिली की ती जागच्या जागी उजव्या अंगाला कलायची, हेही खरं. वळताना मागचे दिवे एकदम न लागता एकामागून एक चालत जायचे, हेही खरं. आणि त्या दसऱ्यानंतर तिचा ड्रायव्हरकडचा डोळा झाकला तरी झाकून राहत नव्हता, तेसुद्धा खरंच असणार, कारण आता त्याला साक्षीदार मिळालाय. साक्षीदार अमेरिकेत असतो, तुम्ही आज असता तर तुमच्याच वयाचा, आणि मराठीचं त्याला एक अक्षर येत नाही. पण माणूस तुमच्या बाजूनं बोलला. ते ऐकून मी खुर्चीत मागं टेकले आणि मोठ्यानं म्हणाले, "सुटले गं बाई!" शेजारच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, काय झालं म्हणून. मी म्हटलं, "काही नाही, वडिलांची गाडी सापडली." तर म्हणतात, "अगं बया, चोरीला गेली होती?" आता त्यांना कुठून सुरुवात करून सांगायचं!

मी सांगलीत असते, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण काय करते ते ठाऊक नाही. मी गाडी शिकवते, आण्णा. स्वतःचं ड्रायव्हिंग स्कूल आहे, दोन लहान गाड्या, पुढं-मागं लाल रंगात एल लिहिलेल्या. शिकायला बहुतेक बायकाच येतात. कुणी बँकेतली, कुणी शाळेतली, कुणी साठी उलटलेली आणि नवऱ्यावर चिडून आलेली. दिवसभर मी शेजारच्या सीटवर बसून शंभर फुटी रोडनं बैलगाडीच्या चालीनं हिंडते. पायाखाली माझा वेगळा ब्रेक, आणि तोंडाचा पट्टा चालू: "क्लच, अहो क्लच! तो ब्रेक आहे! आरशात मागची गाडी बघा, टिकली नंतर बघा!" दुपारी उन्हाचं कुणी फिरकत नाही. तेव्हा मी घरी येते, जेवते, आणि टीव्हीपुढं बसून ताशी अडीचशेनं गाडी हाणते. हसू नका. तुमची नात, तुम्ही गेलात तेव्हा रांगत होती ती, पुण्याला शिकायला गेली आणि तिचं गेमचं मशीन इथंच ठेवून गेली. जाताना म्हणाली, "आई, शर्यतीचा गेम खेळत जा, तुझं डोकं थंड राहील." पहिल्या दिवशी मी प्रत्येक वळणाला इंडिकेटर शोधत होते. मागून कुणी जोरात आलं की डावीकडं होऊन त्याला वाट देत होते. पोरगी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर बघत होती, ती ओरडली, "आई, ही शर्यत आहे! साइड काय देतेस?" तुमचे जावई तर सोफ्यावरून खाली आले हसून हसून. पण लागली सवय. आता मी बऱ्यापैकी चालवते. साइड अजून एखाद्या वेळी देते, ते सोडा.

गेमचं मी असं मध्येच का सांगतेय ते कळेल. आधी तुमची गाडी. मला ती तोंडपाठ आहे, कारण लहानपणी मी ती हजार वेळा ऐकली. लग्नाआधी तुम्ही पाटणला एका ठेकेदाराकडं ड्रायव्हर होता. धरणाच्या कामावरचा कुणी परदेशी इंजिनिअर परत जाताना आपली गाडी त्या ठेकेदाराला देऊन गेला. तुम्ही तिला नावानं कधी हाक मारली नाही, अमेरिकन म्हणायचात. दोनच दारं, बॉनेट एवढं लांब की समोरचं कुत्रं दिसायचं नाही, स्टेअरिंग डावीकडं. दीड-पावणेदोन वर्षं तुम्ही ती पाटण-कऱ्हाड रस्त्यावर चालवलीत. मग ठेकेदार वारला, पोरांनी गाडी भंगारवाल्याला घातली, आणि तुम्ही इस्लामपूरला येऊन कारखान्याच्या जीपवर लागलात. पण जीपवर बसून तोंडात मात्र अमेरिकनच. आमच्या स्वयंपाकघरात आई भाकरी थापत असायची आणि तुम्ही तिचा पोळपाट पळवून पाटावर आडवा ठेवायचात. "ही बॉनेट," म्हणायचात. पुढं दोन वाट्या उपड्या. "तोंडाला उभ्या गजांची जाळी, आन् दिवं म्हनशील तर कुठं दिसायचंच न्हाईत. झोपल्यावानी. आन् बटन वडलं की..." मग तुम्ही हळूच वाट्या उताण्या करायचात. मी दर वेळी टाळ्या वाजवायची. आई म्हणायची, "आवं, पीठ वाळतंय, द्या की माझा पोळपाट!" तेव्हा कुठं गाडी थांबायची.

त्यातली मला सगळ्यात आवडायची ती दसऱ्याची गोष्ट. दसऱ्याला सगळ्या गाड्या धुऊन उभ्या केल्या. ट्रक, डंपर, जीप आणि मधोमध ही. ठेकेदाराच्या बायकोनं सगळ्यांना हळद-कुंकू लावलं, चाकाखाली लिंबं ठेवली, आणि अमेरिकनला झेंडूची चांगली मनगटाएवढी जाड माळ घातली. घातली कुठं, तर नेमकी तोंडावरच्या जाळीवरनं. कारण तिला काय ठाऊक, त्या जाळीमागं पापण्या आहेत म्हणून! बाई ओवाळायला लागल्या आणि ठेकेदार तुम्हाला म्हणाला, "ड्रायव्हर, ह्या देवीचं डोळं उघडू देत की!" तुम्ही बटण ओढलंत. उजवा डोळा उघडला. डाव्यानं माळ आत ओढली, झेंडू चिरडले, कुर्रर्र आवाज झाला आणि डोळा अर्ध्यावर अडकला. बाईंच्या हातातलं ताट डळमळलं. तुम्ही बॉनेट उघडून आतली रबरी नळी निखळलेली बघितलीत आणि सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून तिथं बांधलात. तेव्हापासून डोळा मिटायचा, पण टिकायचा नाही. गाडी उभी करून गेलं आणि सकाळी येऊन बघितलं की डावा डोळा उघडाच. "लोक म्हनायचं, ड्रायवर झोपलाय आन् गाडी राखनीला बसलीया," असं तुम्ही सांगायचात आणि स्वतःच आधी हसायचात.

आता ते सांगते, जे तुम्हाला कधी सांगितलं नाही. मी आठवीत होते. निबंध होता, माझे आवडते वाहन. पोरांनी सायकल लिहिली, एसटी लिहिली, एकीनं विमान लिहिलं. मी तुमची अमेरिकन लिहिली. पोळपाट आणि वाट्या सोडून सगळं लिहिलं, डोळे, कलणं, चालणारे दिवे, झेंडू. चार पानं झाली. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला. मला वाटलं, चांगला झालाय म्हणून वाचतायत. पहिल्या पानावर वर्ग गप्प होता. दुसऱ्या पानावर बाईंनी चष्मा वर केला आणि विचारलं, "हिची गाडी रात्री घोरते का?" झालं! वर्ग फुटला. बाई वाईट नव्हत्या हो, एक गंमत केली आणि विसरून गेल्या. पण पोरं विसरली नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मुलगे माझ्याकडं बघून एक डोळा मिटायचे. गाडी अशी करते ना, म्हणायचे. वर्गात, पाण्याच्या टाकीपाशी, घरी येताना बाजारात. चौदा वर्षांच्या पोरीला भर बाजारात चार जण डोळा मारतायत, आणि लोक बघतायत की पोरगी कुणाची. हे मी घरी काय तोंडानं सांगणार होते? आईनं शाळाच बंद केली असती. मी गप्प राहिले आणि आतून तुमच्यावर पेटत गेले. त्यांच्यावर नाही, तुमच्यावर.

आणि मग ती संध्याकाळ. आईनं मला तुमचा डबा परत आणायला गाड्यांच्या शेडकडं पाठवलंय. तुम्ही पाच-सहा ड्रायव्हर टायरींवर बसून चहा पिताय. एक नवा ड्रायव्हर आलाय, आणि तुम्ही त्याला अमेरिकन सांगताय. दोन्ही हातांच्या मुठी डोळ्यांपुढं धरलेल्या आहेत तुम्ही, आणि एक मूठ हळूच उघडताय. नवा ड्रायव्हर हसत म्हणतोय, "आयला, डोळा मारती व्हय गाडी?" बस्स. तो शब्द ऐकला आणि माझा तोल गेला. मी तिथंच ओरडले, "आण्णा, पुरे झाल्या थापा! गाडी कुठं डोळे मिटत असते का? सगळे हसतात तुम्हाला. मला लाज वाटते तुमची पोरगी म्हणवून घ्यायची." एवढं सगळं एका दमात. एक जण चहात बघायला लागला. तुम्ही मुठी खाली घेतल्यात. मला वाटलं, आता एक कानाखाली बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. तुम्ही डबा माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "व्हय बाळ. पुरं." आणि खरंच पुरं केलंत तुम्ही. त्यानंतर बारा वर्षं तुमच्या तोंडून अमेरिकन निघाली नाही. माझ्या लग्नात कुणीतरी विषय काढला, तर तुम्ही पंगतीला वाढायला उठून गेलात. आईचा पोळपाट त्यानंतर जागचा हलला नाही.

तुम्ही मिरजेला दवाखान्यात होता, ते शेवटचे दिवस. एका दुपारी तुम्हाला तपासायला न्यायचं होतं आणि कुणी येत नव्हतं. तुम्ही छताकडं बघत पडला होता. मला काहीतरी बोलायचं होतं, आणि खरं सांगायचं तर बारा वर्षांपूर्वीचं ते मिटवायचंही होतं, पण सरळ माफी मागायला जीभ उचलेना. म्हणून मी आडून विचारलं, "आण्णा, ती अमेरिकन कुठल्या रंगाची होती हो?" तुम्ही माझ्याकडं मान वळवलीत. मग म्हणालात, "कसली अमेरिकन? न्हाई गं बाळ. तसली गाडी न्हवती. त्या गड्यांफुडं बोलायचो आपलं, येळ जायला. तुजं खरं हुतं." आणि हात माझ्या हातावर ठेवलात. आठच दिवसांत तुम्ही गेलात. एवढी वर्षं मी ते धरून होते. माझे वडील चांगले होते, ड्रायव्हर पहिल्या नंबरचे, पण थापाडे. मी हे लोकांना प्रेमानंच सांगायची. जावयांना, पोरीला, शिकायला येणाऱ्या बायकांनासुद्धा. तुम्ही म्हणाल, अगं, हातात मोबाईल आहे, एकदा शोधायचं की त्यावर. पण तुम्हीच नाही म्हणाला होतात. नाही म्हटलेली गाडी कोण शोधत बसतं?

मग या उन्हाळ्यात एका दुपारी गेममध्ये मला बक्षीस म्हणून एक जुनी अमेरिकन गाडी मिळाली. तुमची नव्हे, दुसरीच. लांब बॉनेटची, दोन दारांची. मी तिला सुरुवातीच्या रेषेवर उभी केली आणि दिवे हिरवे व्हायची वाट बघत नुसती रेस दिली. आणि आण्णा, ती कलली! जागच्या जागी, उजव्या अंगाला, अख्खं धूड. सोडलं की सरळ, दाबलं की परत कलती. शर्यत सुटली, बाकीच्या गाड्या केव्हाच निघून गेल्या, आणि मी तिथंच उभी राहून नुसती रेस देत होते. आत मोठं इंजिन गाडीच्या लांबीत उभं बसवलेलं असतं, ते फिरायला लागलं की सगळ्या गाडीला पीळ देतं, हे मला गाडी शिकवून शिकवून कळायला हवं होतं. पण माझ्या त्या डबड्या गाड्या कशाला कलतायत! मी पोरीला फोन लावला. "अगं, ही गाडी कलती गं." ती म्हणाली, "आई, जुन्या अमेरिकन गाड्या करतात असं, त्यात काय?" त्यात काय! मी त्या दिवशी दुपारनंतरच्या शिकवण्या रद्द केल्या. आणि गंमत बघा, आता मोबाईलवर शोधायची मला भीती वाटायला लागली. एक खरं निघालं, आणि दुसरं खोटं निघालं तर?

चार दिवस तशीच फिरले. मग पोरीनं सांगितलं की या गेमवाल्यांचं इंटरनेटवर एक पान आहे, तिथं लोक आपल्याला गेममध्ये कुठली गाडी हवी ते लिहितात. जगभरचे लोक, नवस बोलल्यासारखे. मी म्हटलं, "मग माझंही मागणं लिही. मी सांगते, तू इंग्रजीत घाल." ती म्हणाली, "गाडीचं नाव सांग." "नाव ठाऊक नाही." "कंपनी?" "तीही नाही." "आई, मग लिहू काय?" मी म्हटलं, "लिही, एक जुनी अमेरिकन गाडी हवी आहे, जी डोळे मिटते. मागचे दिवे एकामागून एक चालत जातात. आणि उभी करून ठेवली की ड्रायव्हरकडचा डोळा आपोआप उघडते. माझे वडील ती चालवायचे." पोरगी म्हणाली, "आई, तूच सांगतेस ना, आजोबा थापा मारायचे म्हणून? लोक हसतील गं." मी म्हटलं, "हसू देत. एकदा अख्खा वर्ग हसलाय, आता जग हसलं तर माझं काय जातंय? आणि खाली माझं नाव घाल, तुझं नको." तिनं लिहिलं. मी आयुष्यात कशाचीच एवढी जीव टाकून वाट बघितली नव्हती. क्लच शिकवताना माझंच लक्ष नव्हतं. एका बाईंनी गाडी फुटपाथवर चढवली तरी मी म्हटलं, "छान, आता हळू उतरवा."

पहिल्यांदा एकानं लिहिलं की बाई लहान मुलांचं कार्टून बघून आल्यात. पण त्याच्याखाली लगेच दुसऱ्यानं गाडीचं नाव लिहिलं आणि फोटो टाकला. आण्णा, तोंडाला उभ्या गजांची जाळी! दिवे कुठं दिसतच नाहीत! शेजारी दुसरा फोटो, त्यात जाळीचे दोन तुकडे वर गेलेले आणि आतून गोल दिवे बघतायत. वाट्या उताण्या केल्या तश्शाच. आणि एकानं छोटा व्हिडिओ टाकला, मागचे दिवे, एक, दोन, तीन, चालत चालत कडेला. मी रडले. पण मी तुमचीच पोरगी, चिकट. डोळे पुसले आणि पोरीला तिथंच लिहायला लावलं, हे सगळं आण्णांनी कुठल्यातरी मासिकात बघितलेलं असू शकतं. पाटणला अशी गाडी आली होती, आणि ती त्यांनी चालवली होती, याला काय आधार? तुम्ही स्वतः नाही म्हणाला होतात ना.

तिसऱ्या दिवशी त्या म्हाताऱ्याचं उत्तर आलं. त्यानं लिहिलं होतं, ही गाडी माझ्याकडं तरुणपणापासून आहे. त्या पापण्या इंजिन जी हवा ओढतं, तिच्या जोरावर चालतात, रबरी नळ्यांमधून. नळी कुठं जरा जरी गळायला लागली की उभ्या गाडीचा एक डोळा सावकाश उघडतो. मी रोज सकाळी अंगणात येतो आणि ती माझ्याकडं एका डोळ्यानं बघत असते. हे मासिकात छापत नाहीत, बाई. हे ज्यानं ती गाडी सांभाळली, त्यालाच ठाऊक असतं. आणि खाली त्यानं विचारलं होतं, तुमच्या वडिलांनी त्या नळीला काय लावलं होतं? पोरगी मला फोनवर वाचून दाखवत होती. मी म्हटलं, "सांग त्याला, सायकलची ट्यूब. आणि झेंडूचंही सांग." तिला झेंडूचं ठाऊकच नव्हतं. मी सांगितलं, तेव्हा बराच वेळ फोनवर नुसतं हसू. म्हाताऱ्याचं परत उत्तर आलं. मी बागेच्या पाइपाचा तुकडा लावला होता, तुमच्या वडिलांची युक्ती जास्त बरी, उद्या करून बघतो. आण्णा, माझा जीव भांड्यात पडला. इतकी वर्षं तो कुठं लटकत होता ते मलाही कळलं नव्हतं.

आईला इस्लामपूरला फोन केला. ती आता धाकट्या भावाकडं असते, कानानं कमी ऐकते, त्यामुळं मी सगळं ओरडून सांगितलं आणि शेजारच्या काकूंनाही ते आपोआप कळलं. आई आधी म्हणाली, "मी कशी बगनार ती गाडी? लग्नाआदीची ती." मग म्हणाली, "बरं झालं बया. मलाबी कवा कवा वाटायचं, ह्यो मानूस माझ्यासंगं पन असंच बोलला का काय." मी विचारलं, "तुझ्यासंगं काय बोलले होते?" तर आवाज खाली आणून म्हणते, "म्हनायचं, तुज्यासारकी भाकरी सगळ्या पाटण तालुक्यात कुनाला येत न्हाई." म्हणजे तेही आता खरं धरायला लागणार! त्या दिवशी तिनं सुनेला बाजूला बसवून स्वतः भाकऱ्या केल्या म्हणे. करपल्या, पण सगळ्यांना वाढल्या.

गाडी गेममध्ये अजून आलेली नाही. येईल न येईल, गेमवाल्यांच्या मनावर आहे. माझ्या मागण्याखाली पुष्कळ लोकांनी आम्हालाही हवी म्हणून लिहिलंय, आणि ती डोळे मिटणारी म्हणूनच ओळखतात आता तिथं सगळे. आली की मी तिला कुठल्या शर्यतीत पळवणार नाही, सावकाश एका वळणाच्या घाटरस्त्यानं नेईन आणि मागून येणाऱ्यांना साइड देईन. आता थापाडे कुणाला म्हणत नाही मी. शिकायला येणाऱ्या बायकांना सांगते, माझे वडील अमेरिकन गाडीचे ड्रायव्हर होते, कशी गाडी ते विचारा. त्या विचारतात. मग मी दोन्ही मुठी डोळ्यांपुढं धरते, आणि त्या म्हणतात, "मॅडम, पुढं बघा, पुढं!" बरं वाटतं, आण्णा. खूप हलकं वाटतं. तुम्ही आयुष्यात एकच खोटं बोललात, ते दवाखान्यात, आणि तेही मला मोकळं करायला.

हे लिहिलेलं कुठं टाकायचं ते काही कळत नाही, म्हणून ते शिकवण्यांच्या वहीतच राहील. पण लिहायला घेतलं तेव्हाच ठरवलं होतं की सगळं लिहायचं, तर एक राहिलंय. त्या दिवशी दवाखान्यात तुम्ही "तुजं खरं हुतं" म्हणालात, तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं. बरं वाटलं होतं. शेडमधली ती संध्याकाळ बारा वर्षं मला टोचत होती, ती तुम्ही एका वाक्यात काढून घेतलीत आणि मी घेऊ दिली. मग झेंडूचं काय, सायकलच्या ट्यूबचं काय, एवढंसुद्धा मी तुम्हाला विचारलं नाही. तुम्हाला तपासायला आत नेल्यावर मी खाली आले, चहा घेतला, आणि तुमच्या जावयांना फोन करून आनंदानं सांगितलं, "आण्णांनी कबूल केलं."